चौदांतल्या अकरा

करुणा तांबेचा वर्ग दुपारी दोनला भरायचा आणि पाचला सुटायचा. दोनच्या आधी बायकांचा पाय घरातून निघत नाही आणि पाचनंतर गुरं, पाणी, चूल वाट बघत असतात, हे धरूनच तिने वेळ ठरवली होती. पालीपासून चार किलोमीटर आत, बौद्धवाडीतल्या विहाराला लागून पत्र्याचा एक हॉल होता. तिथे ती बायकांना वायर सोलायला, टेस्टर धरायला, मिलिमीटर वाचायला आणि साहेबासमोर मान वर ठेवून बोलायला शिकवायची.

ती स्वतः आयटीआयची वायरमन. तिच्या तुकडीत ती एकटीच मुलगी होती. बावीस वर्षं तिने एमआयडीसीतल्या इलेक्ट्रिक पॅनलच्या कारखान्यात काढली आणि पाठ दुखायला लागली तेव्हा गावी आली. त्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून शिरायचं तर आधी लेखी परीक्षा, मग हाताचं काम, मग मुलाखत. गावच्या बायका लेखीतच गळायच्या. शाळा सुटून पंधरा पंधरा वर्षं झालेली, हातात पेन धरायचीही सवय गेलेली. त्यांना त्या दारापर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच करुणाने मनाशी धरलं होतं.

सुरुवातीला फक्त बौद्धवाडीतल्याच बायका यायच्या. मग तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये गंगा आली. गंगा राकेश गोताड, वरच्या कुणबीवाडीतली, वय एकतीस, नवरा मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात. पहिल्या दिवशी ती दाराशी चपला काढून बराच वेळ उभी राहिली. मग आत येऊन बसली, आणि मधल्या सुट्टीत तिथल्या माठातलं पाणी काढून सगळ्यांसमोर प्यायली. त्या पाण्यावरून वर वाडीत काय काय झालं ते करुणाला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. सासूने, कमलाबाईने, महिनाभर सुनेशी अबोला धरला होता. गंगा तरी येत राहिली. आठ महिन्यांत तिचे चारच खाडे झाले.

तिचा हात फार चांगला होता. एकदा दाखवलेली जोडणी तिने डोळे मिटूनही केली असती. अपूर्णांक मात्र तिच्या डोक्यात शिरत नसत. एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारलं की ती आठच मोठे म्हणायची आणि चूक कळली की स्वतःच हसायची. फेब्रुवारीत कारखान्याची लेखी झाली. वर्गातल्या चौदाजणींपैकी आठजणी निवडल्या गेल्या. गंगा पहिल्याच कागदावर नापास झाली. “जाऊ दे बाई,” ती म्हणाली, “मला नाय जमायचं ते.” आणि ती काजूच्या कारखान्यात सोलणीला जायला लागली.

त्याच सुमाराला सरकारने अशा तयारी वर्गांसाठी मान्यतेचे निकष काढले. कारखान्यानेही कळवलं की पुढच्या वर्षापासून मान्यता असलेल्या वर्गातल्याच बायकांना परीक्षेला बसता येईल. बावीस पानांची पुस्तिका आली. करुणाने ती रात्रपाळीचं वेळापत्रक वाचावं तशी बोट ठेवून वाचली. खोली किती फुटांची, खिडक्या किती, आग विझवायचं नळकांडं कुठे टांगायचं, प्रथमोपचाराच्या पेटीत काय काय हवं. शिकवणाऱ्याकडे शिकवण्याचं प्रमाणपत्र हवं होतं. तेही ती सहा महिने दर शनिवारी रत्नागिरीला जाऊन घेत होती, त्यामुळे ती अडचण नव्हती. संडासाला आतून कडी हवी, हे कलम वाचून तिला बरंही वाटलं होतं. बायकांच्या वर्गाचा असा विचार कुणीतरी बसून केला होता. वाडीतल्या पुरुषांनी श्रमदानाने संडास बांधला, कडी तिने स्वतः लावली.

सतरावं कलम मात्र तिच्याने ओलांडवेना. मागच्या तुकडीतल्या किमान सत्तर टक्के उमेदवारांना अप्रेंटिस म्हणून घेतलं गेलेलं असावं. चौदांतल्या आठ म्हणजे सत्तावन्न. शेकडेवारी तीच तर बायकांना शिकवत होती, त्यामुळे पुन्हा मांडून बघायचीही गरज नव्हती. मग तिने आठाला बारांनी भागून बघितलं. सदुसष्ट आले. अकरांनी भागलं तेव्हा त्र्याहत्तर.

तीन नावं गाळायची होती. न निवडल्या गेलेल्या सहाजणींपैकी दोघी परीक्षेनंतर मुंबईला निघून गेल्या होत्या, त्यांचं तिला काही वाटलं नाही. तिसरं नाव उरलेल्या चौघींतून काढायचं होतं. तिघी तिच्याच वाडीतल्या, विहिरीवर आणि रस्त्यात रोज समोर येणाऱ्या. चौथी गंगा. गंगाने स्वतःच नाद सोडला होता, ती कधी काही विचारायला येणार नव्हती, असं करुणाने स्वतःला समजावलं. खरं कारण तिला तेव्हाही माहीत होतं. गंगा वरच्या वाडीतली होती.

एका रविवारी तिने अकराजणींना बोलावलं. नवं हजेरीबुक आणलं होतं. आठ महिन्यांच्या सह्या त्यांनी दुपारभर बसून केल्या, पेन बदलून बदलून, म्हणजे एका दिवसात केल्यासारख्या दिसू नयेत. बायका हसत खिदळत सह्या करत होत्या. आपापल्या रकान्यापलीकडे कुणी बघितलं नाही. मार्चअखेरीला शेतात भाजावळ चालू होती, भाताचं रोप जिथे करायचं ती जमीन तोडलेल्या फांद्यांची कवळं आणि सुका पातेरा पसरून भाजत होते. करुणाने जुनं हजेरीबुक त्या पातेऱ्याखाली सरकवलं आणि जळेपर्यंत उभी राहिली.

तपासणीला निलेश नावाचा अधिकारी आला. सरळ माणूस. त्याने टेपने खोली मोजली, संडासाची कडी लावून उघडून बघितली, हजेरीबुक चाळलं. इतकी स्वच्छ वही जिल्ह्यात दुसरीकडे बघितली नाही असं म्हणाला. जूनमध्ये मान्यता आली, हॉलच्या दारावर नंबराची पाटी लागली. त्यानंतरच्या दोन्ही तुकड्या खरोखरच चांगल्या निघाल्या. कुणबीवाडीतल्या तिघी येऊन शिकून गेल्या. गंगाने वाट पाडली म्हणून आम्हाला सोडलं, असं त्या म्हणायच्या. करुणा ऐकून घ्यायची आणि दुसरं काही बोलायला लागायची.

यंदाच्या जुलैत कारखान्याने नियम बदलला. मान्यता असलेल्या वर्गाचं पत्र आणणाऱ्या बाईला लेखी परीक्षा माफ, फक्त हाताचं काम करून दाखवायचं. वय मात्र पस्तीसच्या आत हवं. निवड झालेल्या आठजणींतली सानवी आता तिथे कायम झाली होती, तिने बाजारात गंगा भेटली तेव्हा तिला ही बातमी सांगितली. दुसऱ्याच दिवशी गंगा प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन फोटो घेऊन हॉलवर आली. डिसेंबरात तिला पस्तीस पूर्ण होणार होती. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती, ती पदरात धरून ती बोलत होती.

“लेखी नाय म्हनतायत बाई. हाताचं मी करीन.”

करुणाने तिला मान्यतेच्या कार्यालयातून यादी यायची आहे असं सांगून परत पाठवलं. चार दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा करुणा सर्व्हर बंद आहे म्हणाली. पुढच्या चार दिवसांत काय होणार होतं, जळलेल्या वहीतून नाव कसं वर येणार होतं, याचा तिने विचारच केला नाही. दिवस गेला की सुटल्यासारखं वाटायचं, एवढंच.

तिसऱ्यांदा गंगा हॉलवर आली नाही. जावेला सोबत घेऊन ती एसटीने सरळ रत्नागिरीला कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाने संगणकावर त्या वर्षाची यादी काढली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि या नावाची बाई त्या वर्गात कधी नव्हतीच, असं सांगितलं. गंगाने पुन्हा बघायला लावलं. त्याने पुन्हा बघितलं. जाऊ शेजारीच उभी होती.

त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर गंगा आली तेव्हा तिच्या हातात पिशवी नव्हती. करुणा फळा पुसत होती. गंगाने जे झालं ते सांगितलं आणि मग विचारलं, “मी येत व्हते ना बाई?”

करुणाने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. सत्तर टक्के, अकरा नावं, रविवारच्या सह्या, भाजावळ. काही लपवलं नाही, तिचंच नाव का गाळलं तेसुद्धा. सांगून झाल्यावर तिला वाटलं होतं गंगा रडेल किंवा शिव्या देईल. गंगा दारावरच्या नंबराच्या पाटीकडे बघत होती.

“कागदाचं जाऊ दे,” ती शेवटी म्हणाली. “पन घरात विचारतायत, मग आठ महिने दुपारची ही जात व्हती कुटं? जावेने जाऊन सांगितलान सगळ्यांना. एक दिस पानी प्यायली असंल, पन पुढं रोज तिथंच गेली कशावरून, म्हनतात. सासू म्हनते, सरकार कशाला खोटं सांगेल. त्यांना तेवढं येऊन सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच करुणा घाटी चढून कुणबीवाडीत गेली. पाठ दुखत होती, दोनदा बसावं लागलं. कमलाबाई पडवीत ओल धरलेले सुके मासे उलथे करत होती. म्हातारी वाईट नव्हती. थकलेली, विधवा, मुलाची वाट बघत जगणारी बाई होती. तिने करुणाला बसायला सांगितलं नाही, पण ऐकून सगळं घेतलं.

“तू सांगतेस ते खरं धरलं, बाये,” ती म्हणाली. “मग वहीत का नाय?”

करुणाने सांगितलं की वही मीच बदलली.

“म्हणजे तू वहीत खोटं लिवतेस. आनि इथं येऊन खरं बोलतेस, असं मी धरायचं?”

करुणाला पडवीच्या भिंतीवरचा बोर्ड दिसला. तीन बटणं, एक प्लग, वायर सरळ पट्टीत बसवलेली, एकही कोपरा वाकडा नाही. हे काम कुठल्या हाताचं ते तिने झोपेतही ओळखलं असतं. तिने कमलाबाईला विचारलं की हा बोर्ड कुणी बसवला. सुनेनेच बसवला, म्हातारी म्हणाली. मग वर्गात आली नसती तर हे ती कुठून शिकली असती, असं करुणाने विचारलं.

कमलाबाईने हातातला मासा खाली ठेवला. “तेच तर विचारतंय मी,” ती म्हणाली. “कुनाकडं शिकली?”

आत दाराआड गंगा उभी होती. तिने ते ऐकलं. करुणाने तिच्याकडे बघितलं आणि आपण इथे येऊन तिला आणखी खोल ढकललं, हे तिला कळून चुकलं.

मग ती त्या अकराजणींकडे गेली. दोघीतिघींनी जरी येऊन सांगितलं असतं की गंगा आमच्या शेजारी बसायची, तरी पुरलं असतं. सानवी रडली, पण नाही म्हणाली. तिच्या घरात तिच्या एकटीच्याच पगारावर चाललं होतं, आणि खोट्या सह्या केल्याचं कारखान्यात कळलं तर काय, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. दुसरीने दार अर्धवटच उघडलं. तिसरी म्हणाली, बाई, तुम्हीच बोलावलंत म्हणून आम्ही आलो होतो. चौथीकडे करुणा गेलीच नाही.

शुक्रवारी तिने एका पानावर सगळं लिहिलं, खाली सही केली आणि रत्नागिरीला कार्यालयात गेली. निलेशने ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. तो रागावला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

“ताई, हे मी आवकला नोंदवलं की माझ्या हातात काही राहत नाही,” तो म्हणाला. “मान्यता पहिल्या दिवसापासून रद्द होईल. तीन वर्षांत तुमच्याकडून गेलेल्या सगळ्या बायकांची कागदपत्रं पुन्हा तपासतील. आत्ताच्या सोळाजणी घरी जातील.”

“आणि गंगाचं नाव?”

“ते कशावरून चढवू? मूळ वही आहे का?”

वही नव्हती. निलेशने कागद घडी करून टेबलावरच्या काचेखाली ठेवला. आज शुक्रवार आहे, सोमवारी दुपारपर्यंत मी हा बघितलेला नाही, असं म्हणाला. त्याच्या परीने त्याने तिला सवड दिली होती.

शनिवारी वर्ग भरला. सोळाजणी होत्या. त्यात दोघी कुणबीवाडीतल्या, आरोही आणि योगिनी. मीटरचे आकडे वाचायचा धडा होता. करुणा शिकवत होती आणि एकेकीकडे बघत होती. एक बाई मूल मांडीवर झोपवून लिहीत होती. एकीने नवा चष्मा घातला होता, तो तिने वर्गासाठीच केला होता, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सोळाजणींना घरी पाठवूनसुद्धा गंगाला काही मिळणार नव्हतं, सासूला मात्र कदाचित खरं वाटलं असतं. वहीत खोटं होतं हे सरकारच म्हणालं असतं. तेवढं एक गंगाच्या पदरात पडलं असतं. रविवारभर करुणाने हे दोन्हीकडून तोलून बघितलं. सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने ती गेली आणि काचेखालचा कागद परत घेऊन आली. निलेशने चहा मागवू का एवढं विचारलं. ती नको म्हणाली.

मंगळवारी गंगाचा नवरा मुंबईहून आला. गणपतीला अजून अवकाश होता, तो मधेच कधी येत नसे, त्यामुळे कशासाठी आला ते वाडीत सगळ्यांना समजलं. त्याने मारलं नाही, आरडाओरडा केला नाही. दोन दिवस राहिला, दाराचं कुलूप नवं आणलं, काजूच्या कारखान्यात जाऊन तिचं नाव कमी करून आला. गुरुवारी दुपारी दोघं मुंबईला जायला निघाली.

पालीला जायची वाट हॉलवरूनच होती. वर्ग चालू होता. राकेश बॅग घेऊन पुढे गेला आणि गंगा दाराशी थांबली. करुणा बाहेर आली. पाऊस नुकताच थांबला होता, पत्र्यावरून पाणी पडत होतं, त्या दोघी त्या पाण्याच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या.

“हापिसात सांगितलंत काय?” गंगाने विचारलं.

“सांगितलं. लिहून दिलं. मग सोमवारी परत घेतलं.”

गंगाने मान हलवली. आतून सोळाजणी बघत होत्या. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं. आरोही आणि योगिनीने माना खाली घातल्या.

“मला वाटलंच व्हतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्याहून वाईट काहीतरी होतं, करुणाकडून आता तिची कसलीच अपेक्षा उरली नव्हती. मग पुढून राकेशने हाक मारली आणि ती गेली. वळणापर्यंत करुणा बघत राहिली, गंगाने मागे बघितलं नाही.

करुणा आत आली तेव्हा धडा कुठे सोडला होता ते तिला आठवेना. चष्मेवाली बाई वहीत बघून म्हणाली, मीटरवरच्या लाल खिडकीतला आकडा मोजायचा नाही, तिथपर्यंत आलो होतो. करुणाने तिथून पुढे शिकवायला घेतलं.

सोमवारी आरोही आणि योगिनी आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी आरोहीचा सासरा रस्त्यात भेटला. आमच्या बायका आता नाय येणार, असं तो शांतपणे म्हणाला. ज्या वर्गाची वहीच खरी की खोटी कळत नाही तिथे घरातली बाई पाठवून उद्या लोकांना काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न होता.

महिन्याच्या शेवटी निलेशचा फोन आला. सोळांच्या चौदाच कशा झाल्या, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. तो म्हणाला की पहिल्या तीस दिवसांत गेलेल्या बायका टक्केवारीत धरत नाहीत, नावांपुढे तारीख घालून शेरा मारा, काही अडचण येणार नाही.

करुणाने हजेरीबुक उघडलं. आरोहीच्या आणि योगिनीच्या नावापुढे लाल पेनने लिहिलं, स्वखुशीने वर्ग सोडला, अठ्ठावीस दिवस. तारीख बरोबर होती. दिवस बरोबर होते. या वेळी वहीत तिने काही खोटं लिहिलं नव्हतं, ‘स्वखुशीने’ हा एक शब्द सोडला तर, आणि तो शब्द शेऱ्यांच्या छापील तक्त्यातलाच होता. दुसरा कुठला लिहायला तिथे जागा नव्हती.